खाडीचं गाणं, दुप्पट वेगात

२ फेब्रुवारी, रविवार
काल वाशीच्या कॅफेत काय झालं त्याची नोंद:
१. मी पाच गाणी गाणार होते.
२. तिसऱ्या गाण्यात मी मुद्दाम एक लांब शांतता ठेवली आहे.
३. त्या शांततेत लोकांना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बिलं मागितली.
४. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.
निष्कर्ष: शांतता पोचली. शैली योग्य दिशेनं चालली आहे.

५ फेब्रुवारी
इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरची नोकरी सोडून मी गाणी करते, याची घरच्यांना धास्ती वाटते. कारण नाही. प्लॅन तयार आहे. यंदा अल्बम, पुढच्या वर्षी दौरा. शैलीही पक्की: संथ लय, मोजकी वाद्यं, हरकती नाहीत, गळा काढायचा नाही. मोजमाप अचूक असलं की भावना आपोआप येते.
मुख्य गाणं बाबांवर. ‘खाडीला सांगू नका, दत्तू येणार नाही.’ बाबा करावेच्या खाडीत मासेमारी करायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. त्यांच्यासाठी मला एवढंच करता येतं, म्हणून ते बिनचूक हवं. मिनिटाला अठ्ठावन्न ठोके. एकही कमी-जास्त नाही.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
गाणं ऑनलाइन टाकलं. आईला हेडफोनवर ऐकवलं. ती शेवटपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, बरा हाय गो, पन तुजा बापूस कुठं हाय त्यान? मी सांगितलं, ते सूचित केलेले आहेत. बरं म्हणाली आणि कुकर लावायला उठली.
हेडफोन साधे होते. चांगले घेणे.

९ मार्च
ऐकणाऱ्यांचा आकडा हळूहळू वाढतो आहे. भाऊ हितेश म्हणतो, ताई, त्यातला अर्धा आकडा मीच आहे. तो न्हावा शेव्याला कस्टम एजंटकडे कामाला आहे. कंटेनर सुटेपर्यंत माझं गाणं लावून बसतो. झोप मस्त लागते म्हणाला.
हे कौतुक समजावं.

१२ एप्रिल
हितेशनं एक व्हिडिओ दाखवला. दिवाळे गावातली हळद. रोहिदासकाकांची बेंजो पार्टी. माझं गाणं.
वेग मोजला. दुपटीच्या वर. माझ्या शांततेच्या जागी ढोलाचा तुकडा घातला आहे. अबोली नावाची मुलगी गाते, दिवसा मोबाइलच्या दुकानात असते म्हणे. ‘सांगू नका’चं तिनं ‘सांगू नको गो’ केलं आहे आणि ‘दत्तू’ म्हटलं की सगळा मांडव हात वर करतो.
गाणं काकांना कुणी दिलं, विचारलं. हितेश म्हणाला, मी. तुझं चांगलंच व्हावं म्हणून.
उद्या ठाम शब्दांत बोलणे. मग लेखी नोटीस.

१३ एप्रिल
काकांना फोन केला. ते आणि बाबा एकाच होडीवर होते, त्यामुळे ‘ठाम’चं प्रमाण थोडं कमी ठेवलं. हे शोकगीत आहे, असं स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, म्हाईत हाय पोरी, पन हळदीला मानसं नाचाला येतान, रडाला नाय. आनि तुजा बापूस हळदीन कवा बसून ऱ्हायलेला का?
मुद्दा संगीतशास्त्राचा नव्हता.
नोटिशीचा मसुदा सुरू. एक ओळ झाली.

१० मे, शनिवार
मागच्या गल्लीतल्या पायलची हळद. गेले ते पुरावा रेकॉर्ड करायला.
बेंजोनं माझी पहिली ओळ काढली आणि आई उठली. बाबा गेल्यापासून ती प्रत्येक हळदीत मागच्या खुर्चीवर बसते, जेवते, घरी येते. आज ती मधोमध गेली. बायकांनी तिच्याभोवती गोल धरला. ‘दत्तू’ आलं तसा तिनं हात वर केला. ती नाचत होती आणि तोंड ओलं होतं. डोळ्यांत हळद गेली असावी.
मग ती मला हाताला धरून ओढायला लागली. तुजंच गानं हाय, लाजतस कनाला, म्हणाली. कुणीतरी माइक हातात दिला. मी एक ओळ गायले. मांडव पुढं गेला होता, मी मागं राहिले. दुसऱ्या ओळीलाही तेच. अबोलीनं हळूच माइक घेतला. फार नम्रपणे विचारलं, ताई, तुम्हाला येतं का हे गाणं?
तिथे स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर स्पीकर नव्हता. अशा स्थितीत कुणीही मागं पडेल.
रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहून गेलं.

१२ मे
वाशीच्या कॅफेनं पुढची तारीख दिलेली नाही. अल्बम पुढे ढकलला, तांत्रिक कारणामुळे.
आई भांडी घासताना गुणगुणते आहे. बेंजो पार्टीच्या वेगात. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून साथ करून पाहिली. चौथ्या वेळी जमलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण नळ बंद केला.

१४ मे, बुधवार
नोटीस पूर्ण करायला बसले. शेवटी हा मजकूर पाठवला:

रोहिदासकाका,
मी योगिनी, दत्तूची. येत्या चोवीस तारखेच्या हळदीत खाडीचं गाणं वाजवाल तेव्हा मला गायचं आहे. पुढे अबोलीच गाऊ दे. मी मागे कोरसमध्ये उभी राहीन. गाणं कुठल्या पट्टीत वाजवता आणि तालमीला कधी येऊ, ते कृपया रविवारपर्यंत कळवा.