कानामागचं टक्कल

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. कपाट जिन्यात अडकलं, शिव्या खाऊन सुटलं, आणि आमच्या मावशीबाई (वय तेरा, जात मांजर, स्वभाव सासूचा) टोपलीतून उतरून थेट खिडकीत जाऊन बसल्या. म्हणजे घर पसंत पडलं. खाली जनावरांचा दवाखाना, वर माझ्या दोन खोल्या, मागे चार कुंड्या मावतील एवढं अंगण. चौपन्नाव्या वर्षी नवी नोकरी कुणी हौसेने घेत नाही. पण इथून लेकीचं घर बसने दीड तासावर आहे आणि त्या घरात अडीच महिन्यांची माझी नात आहे. हे गेल्यापासून कशासाठी उठायचं असा प्रश्न रोज पडायचा. आता त्याला उत्तर तरी आहे.

जुने डॉक्टर किल्ल्या द्यायला थांबले होते. सत्तरीचे, उंच, दोन्ही हात कोटाच्या खिशात. किल्ल्या हातात न देता टेबलावर ठेवल्या. निघताना दाराच्या पायरीवर त्यांचा तोल गेला. मी धावत जाऊन हात धरला म्हणून बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी माणसाला टाके घालायची पाळी आली असती. त्यांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षांचं काम सोडताना माणसाचं असं होत असेल.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पहिला आठवडा बरा गेला. कुत्री, मांजरं, दोन ससे. बहुतेक लसी, एकाचं पोट, एकीचं नख. पाय दुखतात, पण ते सगळीकडेच दुखतात.

कंपाउंडर मोठा मजेशीर माणूस आहे. आंघोळही रबरी हातमोजे घालूनच करत असावा. मलाही रोज नवी जोडी काढून देतो. मी त्याला सांगितलं की मी मोज्यांत काम करत नाही. माझी पद्धत ठरलेली आहे: डावा पंजा कानामागे मानेवर घट्ट टेकवायचा, जनावर शांत होतं, मग उजव्या हाताने तपासायचं. गाठ, ताप, भीती, सगळं उघड्या हातालाच कळतं. या पद्धतीपायी पंचवीस वर्षांपूर्वी एका बुलडॉगने डाव्या करंगळीशेजारचं अर्धं बोट नेलं, तरी पद्धत सोडली नाही. त्यावर तो म्हणाला की जुने डॉक्टरही असंच म्हणायचे, पण शेवटचं वर्षभर त्यांनी कशालाच हात लावला नाही. लांब उभं राहून सांगायचे, हा करायचा. घरी बायकोच्या हातातून चहाचा कपसुद्धा घ्यायचे नाहीत. म्हातारपणी माणसं विक्षिप्त होतात. मी तर आत्ताच आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

खाज. सकाळपासून अकरा जनावरं आली आणि अकराही खाजवतायत. शिंपीणबाईंचा पांढरा कुत्रा तर मागच्या पायाने कानामागे असा तुटून पडतो की बघवत नाही. तिथले केस गेलेत, कातडी लाल झालीय.

आधी वाटलं पिसवा. बारीक फणी फिरवून कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. पिसवा असत्या तर कागदावर तांबडे ठिपके फुटले असते. एकही नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, खरजेचे किडे नाहीत. बुरशी नाही. मग सगळ्यांचं खाणं बदलायला सांगितलं, अंथरुणं उकळायला सांगितली, फरशी पुसायचं औषध बंद करायला लावलं. शिंपीणबाई म्हणाल्या की इतकं तर त्यांनी स्वतःच्या मुलांचंही कधी केलं नव्हतं.

टक्कल वाढतंय का ते कळावं म्हणून माझा जुना उपाय सुरू केला. टकलावर बटर पेपर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, कागदावर तारीख घालायची. दर दोन दिवसांनी नवा कागद.

रविवार, १७ नोव्हेंबर

लेक आली होती, बाळाला घेऊन. तीन तासच थांबली, पण या घराला जाग आली. बाळ सारखं किरकिरत होतं. लेक रडकुंडीला आलेली, चार रात्रींची झोप नाही. मी म्हटलं आण इकडे, आयुष्यभर हेच केलंय. डावा हात कानामागे मानेखाली, उजव्याने पाठ थोपटली. दोन मिनिटांत गाढ. लेक म्हणाली की आई, तुझ्या हातात जादू आहे. मी अख्खा तास हात तसाच ठेवून बसले. मुंग्या आल्या तरी काढला नाही. किती दिवसांनी बरं वाटलं.

मावशीबाई मात्र टेबलाखाली खाजवत होत्या. डावा कान.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सव्वीस जनावरं. काही केल्या काही निघत नाही. गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, मलमं झाली. गळ्याभोवती प्लॅस्टिकची कॉलर घातली की खाजवणं थांबावं, तर जनावरं भिंतीला मान घासतात. थकून गेले आहे. लोक अजून चांगलं बोलतात, पण नजरा बदलल्यात.

एक गोष्ट लक्षात आली नव्हती, ती आज केसपेपर चाळताना आली. यातलं एकही जनावर पहिल्यांदा खाजेसाठी आलं नव्हतं. लस, पोट, नख. इथून घरी गेली आणि दोन-तीन दिवसांत सुरू झाली. म्हणजे रोग माझ्या दवाखान्यात आहे. सगळं टेबल, वजनकाटा, कात्र्या जंतुनाशकाने घासून काढल्या. कंपाउंडर दारात उभा राहून बघत होता. मदतीला आला नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

दुपारी दवाखाना बंद असताना बटर पेपर काढले. सशाचा, शिंपीणबाईंच्या कुत्र्याचा, मावशीबाईंचा. छोट्याशा सशाचं टक्कल आणि वासराएवढ्या कुत्र्याचं टक्कल, माप एकच. ससा तर निम्मा सोलल्यासारखा दिसतो, म्हणून आधी कळलं नाही. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले.

तळवा. अंगठा. चार बोटं.

करंगळीशेजारचं बोट अर्धं.

मी माझा डावा हात काचेवर ठेवला. बरोबर बसला.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सगळं शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

यांना खाज येत नाहीये. मी हात काढला, पण त्यांच्या अंगावरचा हात अजून तिथेच आहे. ती तो काढायला बघतायत. मावशीबाईंच्या मानेवर आज बोट लावलं (उजवं), तर पाचही खळगे लागले. खोल. कुणीतरी दाबून धरल्यासारखे.

कपाटाच्या तळाशी जुन्या डॉक्टरांचे केसपेपर मिळाले. प्रत्येकावर कानामागे पेन्सिलीने पंजा काढलेला. मोठा, सगळी बोटं पूर्ण. बऱ्याच कागदांवर लाल फुली.

कंपाउंडरला समोर बसवलं. तो खाली बघून म्हणाला की डॉक्टर गेले त्याच आठवड्यात त्यांच्या जनावरांचे केस परत यायला लागले. लाल फुलीवाल्यांचे सोडून, ती आधीच गेली होती. मी विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलंस. तर म्हणाला की बाई, सांगितलं असतं तर तुम्ही खरं मानलं असतं का, मोजे तर रोज काढून देत होतो.

ते मुद्दाम पडले होते. पायरीवर. मी हात धरावा म्हणून.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

जुन्या डॉक्टरांना फोन केला. बायकोने घेतला. ते फोनवर येणार नाहीत म्हणाल्या, बागेत आहेत, नातवाला खांद्यावर घेऊन. वर्षभराने हात लावला हो बाई लेकराला, म्हणून रडायलाच लागल्या. अभिनंदन म्हणून फोन ठेवला.

त्यांच्यानंतर मी कुणाचा हात हातात घेतलेला नाही, म्हणून हे माझ्याकडेच राहिलं. जनावरं धरते. माणसांचे हात कोण धरतं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

लेकीचा फोन. बाळ झोपत नाही. उशीवर सारखं डोकं घासतं. डाव्या कानामागचं जावळ गेलं. तिथले डॉक्टर म्हणाले उष्णता, पावडर लावा.

लेक विचारत होती की आई, तू येतेस का, तुझ्या हाताने झोपेल.

मी नाही म्हटलं. सर्दी आहे म्हटलं. ती रुसली.

बाळाच्या हातात मोजे घातलेत म्हणे, नखं लागू नयेत म्हणून. तिला खाजवताही येत नाही—

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

मावशीबाई गेल्या. सकाळी, खिडकीत. तेरा वर्षं. शेवटी शेवटी माझ्याकडे येईनात, कपाटाखाली लपायच्या. मला वाटायचं रुसल्यात.

मोजे घालून पुरलं अंगणात. आता मोजे घालून काय—

दवाखाना ज्या संस्थेचा आहे तिला ईमेल टाकला. प्रकृती बरी नाही, दुसरा डॉक्टर बघा, लगेच. बाळाला किती दिवस आहेत माहीत नाही. मांजराला जेमतेम दोन आठवडे मिळाले.

सोमवार, २ डिसेंबर

डॉक्टर मिळाली. आजच दुपारी येते. फोनवर आवाज तरुण, खूप हसते. म्हणाली, एवढ्या घाईने जागा मिळाली, नशीबच.

हात आत्तापासून खिशात ठेवलेत. उजवा फक्त लिहायला काढते.

लेकीचा पुन्हा फोन. कातडीला खळगे पडलेत म्हणे. पाच. म्हणाली, आई, असं वाटतं कुणीतरी—

ठेवला मी फोन. ऐकवेना.

दुपार

किल्ल्या टेबलावर ठेवल्यात. कंपाउंडर सकाळपासून आलाच नाही. पायरीवर दोनदा पाय घसरवून पाहिला. जमेल. ती धावत येईल, आमच्या धंद्यातली माणसं धावतातच. तिला ओळखतही नाही मी. अशा वेळी एवढंच बरं.

बाळासाठी. बाळासाठीच—

रिक्षा थांबली. खिडकीतून दिसतेय. हसत उतरली. एका हातात बॅग, आणि कडेवर—

वर्षाचं असेल. डुलक्या घेतंय. ती त्याच्या कानामागे हात—