चाळीस सेकंदांचा उजेड

प्रिय सहलेखक,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे मध्येच मतं घुसणार नाहीत.

१. गेल्या महिन्यात आपला प्रकाश मोजणारा सेन्सर मी पुन्हा बनवला. तोच पातळ थर, त्यावर प्रकाश टिपणारे तेच सूक्ष्म कण, क्वांटम डॉट, तीच जाडी.
२. अकरा नमुने मोजले. सगळ्यांची संवेदनशीलता आपण छापलेल्या आकड्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकीच भरली.
३. जुन्या मोजणीची फाइल उघडली. दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी प्रवाह एकदम चढतो, चाळीस सेकंद चढत राहतो. आपला मंद दिवा त्याआधी वीस मिनिटं चालूच होता.
४. म्हणजे सेन्सरने पाहिला तो उजेड दिव्याचा नव्हता.

पुढचं तुला सांगायला नको. डॉट प्रकाश शोषतात, त्यातून तयार झालेला विद्युतभार तासन्‌तास धरून ठेवतात आणि तोवर खालच्या थरातून जास्त प्रवाह वाहत राहतो. एकदा भलता उजेड पडला की त्या दिवसाची उरलेली सगळी मोजणी फुकट. हा सेन्सर अगदी हिच्यावर गेलाय, बोलत काही नाही आणि विसरतही काही नाही, असं तू पाहुण्यांसमोर म्हणाला होतास. मी तिथे हसले नव्हते. घरी जाऊन हसले.

सरांना सांगितलं. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, छापून आलेलं कशाला उकरतेस. मी म्हटलं, मूठ आपली असली तरी आकडा लोक वापरतायत. त्यावर त्यांनी पंखा वाढवला.

तुझ्या खुर्चीवर आता हातमोज्यांची खोकी असतात. प्रत्येक नमुन्याला मोजण्याआधी बारा तास अंधारात ठेवते, त्यामुळे दिवसाला एकच मोजणी होते. बाकी वेळ वाट पाहायची. उपकरणं सांभाळणारे काका विचारतात, नमुन्यांना एवढी विश्रांती देतेस, स्वतःला कधी देणार बाई? परवा दुकानात साबण मागताना आवाजच फुटेना, घसा खाकरावा लागला. सकाळपासून कोणाशी बोलले नव्हते, हे तेव्हा कळलं.

तीन वाजून बारा मिनिटांनी दार तू उघडलंस. इथला तुझा तो शेवटचा दिवस होता. मोजणी चालू असली की बाहेरचा लाल दिवा आपण लावतो आणि तो लागला असता तर तू दाराखालून चिठ्ठी सरकवून गेला असतास, नेहमीसारखा. दिवा बंद होता. झालं ना गं तुझं, असं तू विचारलंस आणि मी झालं म्हणाले. झालं नव्हतं. तू कडीवर हात ठेवून उभा राहिलास, मागून व्हरांड्यातला उजेड येत होता. मग म्हणालास, "बरं, निघतो मग." मी "हो" म्हणाले. आपला गाजलेला आकडा म्हणजे तू दारात उभा होतास, एवढंच. नंतर आलेख काढताना ती वेळ मी पाहिली नाही. पाहायची नव्हती.

तुला नोकरी आपल्या या शोधनिबंधावर मिळाली आणि ती पुढच्या महिन्यात कायम व्हायची आहे, हे मला माहीत आहे. तरी निबंध मागे घ्यायचं पत्र मी लिहिलंय. त्यात चूक माझ्या एकटीची आहे, लाल दिवा मी चालू ठेवला नव्हता, असं स्पष्ट म्हटलंय. का ठेवला नव्हता, ते लिहिलेलं नाही. तो मी तीन वाजता मुद्दाम बंद केला होता, कारण तू आत यावंस असं वाटत होतं. हे फक्त तुला सांगते आहे. पत्रावर दोघांच्या सह्या लागतात. तुझी करून पाठव. शिवाय त्या चाळीस सेकंदांत तुला काही बोलायचं होतं का, हे एका ओळीत लिही. नसेल तर "नाही" लिही, चालेल. सोळा तारखेपर्यंत उत्तर हवं.

तुझीच,
निबंधावर जिचं नाव तुझ्या आधी आहे ती