लीलावतीबाईंची अट

कोबे, १४ मार्च २००९

ती. केतकीवन्संना सिंधूचा नमस्कार.

वर 'श्री' घातलेला नाही. घालवेना. आईंचा गुडघा आता बरा असेल. मी सध्या कौमुदीकडे राहते. ती मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, म्हणून कचरा वेगळा करायचं काम तेवढं मागून घेतलंय. इथे त्यातही डोकं लागतं.

तुम्ही इथल्या मराठी मंडळाला पाठवलेली मेल मंडळाचं काम बघणाऱ्या प्रतापकाकांनी मला दाखवली. 'माझा भाऊ तापाने फणफणत होता आणि तुमच्यातलं काळं कुत्रंही फिरकलं नाही.' खोटं कशाला सांगू वन्सं, वाचून मला आधी हायसं वाटलं. दुसऱ्याच्या माथी गेलं म्हणून.

पण ते खरं नाही.

यांची नोकरी ऑक्टोबरातच गेली. तुम्हाला आम्ही सांगितलं, नवीन प्रोजेक्टमुळे घर बदललं. इथल्या मंडळींना सांगितलं, भारतात परत चाललो. अहो, त्यांनी निरोपाची पार्टी दिली आम्हाला! हार घातले, भाषणं केली. आणि दुसऱ्या दिवशी दोन बॅगा घेऊन आम्ही लीलावतीबाईंच्या खोल्यांवर हजर.

लीलावतीबाई म्हणजे इथल्या बंदरावरच्या एका कापड पेढीच्या मॅनेजरांची बायको. मूलबाळ नव्हतं. जाताना मृत्युपत्रात आपला दोन खोल्यांचा फ्लॅट मंडळाला देऊन गेल्या, अडलेल्या मराठी कुटुंबासाठी. अट एकच घातली: राहणाऱ्याचं नाव कोणी विचारायचं नाही, तोंड बघायचं नाही. किल्ली फक्त प्रतापकाकांकडे. बाकीच्यांनी पाळीपाळीने डबा दाराच्या मुठीला अडकवायचा आणि बेल न वाजवता निघून यायचं. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून.

तुमचा विजू तीन वर्षं या मंडळाचा सेक्रेटरी होता. आम्ही दोघांनी कितीदा डबे अडकवले असतील. घरी येताना आत कोण असेल याचे अंदाज बांधायचो. हसायचोसुद्धा.

फेब्रुवारीत यांना ताप आला. नोकरीबरोबर विम्याचं कार्ड गेलं होतं. वॉर्ड ऑफिसातून दुसरं काढा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते, पण तिथे बेकार आहे म्हणून सांगायला यांची जीभ रेटेना. 'उतरेल गं दोन दिवसांत.' उतरला नाही. धाप लागायला लागली, ओठ निळसर दिसायला लागले. प्रतापकाका डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला गेलेले. आम्ही तिथे आहोत हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी बाहेर पिशवी वाजली. कौमुदी आणि तिचा नवरा, देवदत्त.

"कालचा डबा तसाच आहे गं. बेल वाजवू का?" देवदत्त म्हणाला.

"नको रे. अट आहे ना बाईंची."

मी दाराला चिकटून उभी होते वन्सं. साखळीवर हात होता माझा. खाली त्यांची गाडी उभी होती. मागे वळून पाहिलं तर हे उशीवरून मान हलवत होते. "सिंधू, पाया पडतो तुझ्या. यांच्यासमोर नको."

मी हात काढून घेतला. लिफ्ट खाली गेली.

संध्याकाळी ॲम्ब्युलन्स बोलावली तेव्हा हे शुद्धीवर नव्हते. डॉक्टर काय म्हणाले ते मला जपानीत नीट कळलं नाही, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. कळलं होतं. दुपारी आणलं असतं तर वाचले असते, असं म्हणाले.

मला यांचा फार राग येतो. गेलेल्या माणसावर कसलं रागवायचं, पण येतो. माझा त्याहून जास्त येतो. त्यांच्या अंगात उठून मला अडवायचीही ताकद नव्हती.

तुमच्या मेलनंतर खोल्या बंद करायचं घाटतंय. प्रतापकाका तुम्हाला उत्तर देणार नाहीत, जीव गेला तरी बाईंची अट मोडायचे नाहीत ते. आत आम्ही होतो हे कळल्यापासून कौमुदी जेवता जेवता रडते. "तू औषध आणायला गेली होतीस ना गं तेव्हा?" असं परत परत विचारते. मी हो म्हणते आणि तिच्याच हातची आमटी ओरपते.

त्या खोल्यांत आता दुसरं कोणीतरी आहे. काल डब्याची पाळी मी मागून घेतली. आत बाळ रडत होतं. मी बेल वाजवली. पहिल्यांदाच कोणीतरी वाजवली असेल ती. तर बाळाचं रडणं एकदम थांबलं. तोंडावर हात ठेवला असणार कोणीतरी. मी दाराशी हाका मारत राहिले, "अहो, उघडा, मी कोणाला सांगणार नाही." आतून पावलाचाही आवाज आला नाही.

कोणाला सांगणार नाही, असं म्हटलं ना मी, तिथेच चुकलं.

उद्या मंडळाची सभा आहे. तिथे सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे, माझं नाव सांगून, यांचं नाव सांगून. मग परत त्या दाराशी जाईन आणि तेच सांगेन. हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत सगळ्या कोबेला कळलेलं असेल. फोन केला नाही, कारण तुमचा आवाज ऐकून मी पुन्हा खोटंच बोलले असते.

आईंना वाचून दाखवा. माफी मागत नाही. शिव्या द्यायच्या तर मला द्या, कौमुदीला नको.

विजूच्या शेवटच्या दुपारी दार न उघडणारी,
सिंधू