ताडपत्रीखालची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार
बदलीची ऑर्डर हातात पडली. टेबल सुटलं, पुन्हा वस्त्यांवर फिरती. गाई-म्हशी काही उमापूरच्या गुरांच्या दवाखान्यात चालत येत नाहीत, आपणच जायचं. पाय मोडल्यापासून गाडीला शिवलो नव्हतो. आता पन्नाशी ओलांडल्यावर परत दोन चाकं. लायसन्सची मुदत शिल्लक आहे, माझीच संपत आलीय.
सुमनला म्हटलं, एखादी स्वस्तातली गाडी बघावी लागेल. ती भाकरी थापता थापता अंगणाकडे बघत राहिली. तिथं ताडपत्रीखाली एक उभीच आहे. जावयाला लग्नात दिलेली. त्याने वैशूवर हात उचलला म्हणून लेकीला आणायला गेलो, तेव्हा पुतण्याने गाडीही चालवत आणली. कागद वैशूच्या नावावर, त्यामुळे कुणाला अडवता आलं नाही. वर्ष होत आलं त्याला.
"तिला हात लावायचा न्हाई," सुमन म्हणाली. "दुसरी कंची बी घ्या."

७ नोव्हेंबर
एसटीने माजलगाव. शकीलकडे जुन्या गाड्या. माझा वर्गमित्र, त्यामुळे मान ठेवायचा प्रश्नच नाही.
"काय बे, म्हातारपनी रेस लावतो का?"
म्हटलं, साधी दे. बसकी सीट, मागे दवाखान्याचा लसींचा कॅन बांधायला कॅरिअर. गुडघ्याला किक झेपणार नाही, बटनावर चालू होणारी हवी. त्याने तीन दाखवल्या. एक धूर सोडत होती, एकीचं हँडल डावीकडे ओढत होतं. तिसरी खरोखर चांगली, पण किंमत ऐकून उसाचा रस पिऊन परत आलो.
येताना एसटीच्या खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघितल्या. मागे ना दिवा ना लाल पट्टी. अशाच ट्रॉलीला मागून धडकून माझा पाय मोडला होता. ती भीती अजून आहे. कुणाला सांगणार.

१० नोव्हेंबर
नाना आले. सुमनचे चुलते. वैशूची सोयरीक त्यांनीच जुळवली, त्यामुळे मोडली तर नाक त्यांचंही जातं. मी गाड्या बघतोय हे त्यांना कळलेलं.
"बघा, खुशाल बघा. पर ती अंगनातली हालवू नका पाव्हनं. ती हाय तवर लोकं म्हनत्यात, बोलनी चालू हायेत. ती विकली, न्हाईतर तुमीच फिरवाया लागले, की झालं. पोरगी कायमची माहेरी."
हे खरं आहे. आपल्याकडे कुणी येऊन विचारत नाही, लेकीचं काय झालं. अंगणात डोकावतात आणि समजून घेतात. दूधवालासुद्धा.
सुमन दर शुक्रवारी ताडपत्री काढून गाडी पुसते, पुतण्याला बोलावून थोडा वेळ चालू ठेवते. दसऱ्याला हार घातला, लिंबू ठेवलं. वैशू तेवढा वेळ आत जाऊन बसते.

१४ नोव्हेंबर
शकीलने धूरवाली दुरुस्त करून चालवायला दिली. कारखान्याच्या मागच्या मैदानात. फजिती. माझ्या जुन्या गाडीचे सगळे गिअर खाली दाबून पडायचे. हिचा पहिला तेवढा खाली, बाकीचे वर. मी दुसऱ्यातून सवयीने पुन्हा खाली दाबायचो आणि गाडी पहिल्यात पडून आचका देऊन बसायची. शकील पोट धरून हसला. मग गंभीर झाला.
"लेका, रस्त्यावर आसं केलंस तर मागचा तुला घेऊनच जाईल. आधी पाय सुधार, मग गाडी घे."
संध्याकाळी खाटेवर बसून डाव्या पायाने हवेत गिअर टाकत होतो. वैशू दारात उभी राहून बघत होती. किती दिवसांनी हसली.

१७ नोव्हेंबर
शकीलचा फोन. ती अंगणातली दे, तिसरी चांगली घेऊन जा, वर काही नको. "फकस्त जिच्या नावावर हाय तिला सहीला आन."
सुमनला सांगितलं. ती ओरडली नाही, रडली. "तुमाला गाडी पायजे का पोरीचा संसार?" मी रागाने म्हणालो, असला संसार!
पण तिची भीती मला कळते. आम्ही गेल्यावर वैशूचं कोण, हेच ना. तेच माझ्याही डोक्यात असतं. मी फक्त बोलत नाही.

१८ नोव्हेंबर
वैशूला विचारलं. शब्द जुळवत होतो, म्हटलं गाडी तुझ्या नावावर आहे, तुझी इच्छा नसेल तर राहू दे.
ती मटकी निवडत होती. मान वर केली नाही.
"वरीस झालं आन्ना. नानांनी मला इचारलं न्हाई. आईनं न्हाई. तुमी बी पयल्यांदा इचारायलात, ते बी गाडीचं."
उठून बाहेर आलो. लाज वाटली, अजून वाटतेय. लई वाटतेय.

२० नोव्हेंबर
नानांनी रविवार ठरवून टाकला. केजकडून जीप करून पाच-सात माणसं येणार, जावईही. "गोडीत मिटवू. भांड्याला भांडं लागतंच. पोरगी अन् गाडी, दोनी त्याच दिवशी लावून देऊ."
दोन्ही. एका वाक्यात.
मी फोनवर म्हटलं, वैशूला विचारतो. नाना म्हणाले, "तिला काय इचारायचं? कावून फाटे फोडता?"
यावेळी गाडीचं सोडून विचारलं. जायचंय का? ती म्हणाली, न्हाई. एवढंच. सुमनने ऐकलं आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच परत घासली.
आता येणाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचं. मी. ज्याने आयुष्यात साहेबाला कधी नाही म्हटलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
वस्तीवर बसून लिहितोय, औषधांच्या बॅगेवर वही ठेवून.
सकाळी सुमन सतरंज्या टाकत होती, इतक्यात फोन. वस्तीवर गाय अडली, वासराचा एकच पाय बाहेर. एरवी मला घ्यायला कुणीतरी येतं. आज त्यांच्या घरात बाया आणि म्हातारा, गडीमाणसं ऊसतोडीला गेलेली. दुसरी गाडी बघत बसलो असतो तर गाय गेली असती.
अंगणात गेलो. ताडपत्रीला हात लावला आणि थांबलो. वैशूने दुसरं टोक धरून ओढली.
"बॅग मी धरते. चला."
पाहुण्यांचं काय, असं मी विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही. सुमन दारात. वाटलं आता आडवी येईल. आत गेली आणि माझं जुनं हेल्मेट घेऊन आली, पदराने पुसत.
"सावकास जा," म्हणाली. कुणाला ते कळलं नाही.
जावयाच्या पसंतीची गाडी. बटनावर चालू झाली, गिअर मात्र शकीलच्या धूरवालीसारखेच. मागची सीट उंच, वैशू माझ्या डोक्यावरून बघत होती. फाट्यावर समोरून जीप आली. पुढच्या सीटवर नाना. त्यांनी आधी गाडी ओळखली, मग आम्हाला. जीप हळू झाली, हात बाहेर आला. माझाही हात ब्रेकवर गेला.
"थांबू नका आन्ना."
डावा पाय दाबायला निघाला होता. आवरला, खालून वर उचलला. गिअर बरोबर पडला.
गाय सुटली. कालवड आहे, उभी राहिली. आता वासरामागचा जार पडायची वाट बघतोय. दिवस कलला. ते लोक घरी बसून असतील, सुमन एकटी चहा देत असेल. परत तर जायचंच आहे, त्याच अंगणात, याच गाडीवर.
फोन वाजतोय. नानांचा. मी हात पुढे केला, पण वैशू म्हणाली, द्या इकडं, मी बोलते.