तुमची एकनळी

बाबूजी,

तुमच्या बंदुकीतून आता गोळी मारायची नाही, असं गोंदियाच्या दुकानदाराने मला गेल्या आठवड्यात सांगितलं. त्याने बंदूक मोडून नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून आत पाहिलं आणि मान हलवली. आत गंजाचे खड्डे पडले आहेत. मला नवल वाटलं नाही. प्रत्येक निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची, मग ती मालखान्याच्या ओलीत महिनोन्‌महिने उभी राहणार, तिला तेल कोण लावणार? तुमच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला तेव्हापासून ठाण्याच्या त्या रांगेत मी एकटीच बाई असते. दर वेळी एखादा नवा शिपाई विचारतो, "मॅडम, साहेब नाही आले?" मी म्हणते, "साहेब कोण? बंदूक माझी आहे." मग तो नोंदवही माझ्यापुढे सरकवतो.

दुकानदाराने बंदूक परत टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलली, खांद्याला लावली आणि हसला. "मॅडम, इसका कुंदा किसने काटा है?" मला प्रश्नच कळला नाही. त्याने दस्त्याचं टोक दाखवलं. म्हणाला, हे कंपनीचं माप नाही, कुणीतरी चांगल्या सुताराकडून कापून घेतलं आहे, पुन्हा रंधा मारून पॉलिश केलं आहे. "लेडीज़ के नाप का है. आपके लिए ही बनवाया होगा." मी त्या दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की सगळ्याच बंदुका अशा असतात, माझ्या खांद्यात नीट बसणाऱ्या. तुम्ही मात्र ती धरताना खांदा वर चढवून, मान आत ओढून बसायचे, आणि माय चुलीपासून म्हणायची, "बंदुकीले कान लावून का आयकून राहिले जी? ते का बोलते तुमच्यासंग?" बंदूक घरी आणली त्याच हिवाळ्यात ती काही दिवस दिसत नव्हती, तेही आठवलं. मायने विचारलं तेव्हा "तेलपाणी कराले देली" एवढंच तुम्ही म्हणाला होतात. म्हणजे ती तेव्हा सुताराकडे होती. तुमचे हात केवढे लांब. माझ्या मापाच्या बंदुकीने तुम्ही शेवटपर्यंत डुकरं मारली आणि एका शब्दाने मला सांगितलं नाही.

आणि ज्या दिवशी ती विकत घेतली तो दिवस मला फक्त तुमच्या बोलण्यासाठी आठवतो. मी नागपूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही होस्टेलवर आला, धोतर, काळा कोट, हातात परवान्याची पिशवी, आणि म्हणाला, चल. आजोबांची ठासणीची बंदूक तोवर निकामी झाली होती. दारू सर्दावायची, चाप ओढला की नुसता फुस्स आवाज व्हायचा आणि डुक्कर धानात उभं राहून आपल्याकडे पाहत राहायचं. दुकानात मालकाने आधी एक दुनळी काढली. बाजूच्या पत्र्यावर उडणारी बदकं कोरलेली होती. मला ती फार आवडली. मी म्हटलं, "बाबूजी, हीच घ्या ना, दोन गोळ्या मिळतील." तुम्ही मालकासमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर, माझ्याकडे वळलात. "दुसरी गोळी हाये म्हणूनच पहिली वाया जाते. अर्धमेलं करून सोडाची शिकार मले नाही कराची. कळत नसन तर चूप राय." मी चूप राहिले. तुम्ही साधी एकनळी मागितली. नळीच्या तोंडात अंगठा घालून पाहिलंत, तोंड आवळलेलं आहे का ते मालकाला दोनदा विचारलंत, कारण आवळल्या तोंडातून अख्खी गोळी मारायची नसते. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे; नळीच्या टोकावरची नेमाची माशी थेट डोळ्यासमोर आली तर बंदूक आपल्या अंगाची, नाहीतर दुसऱ्याची. तुम्ही तसं केलंत आणि मग बंदूक माझ्या हातात देऊन मलाही करायला लावलंत. मी रागात होते. डोळे उघडले तेव्हा माशी कुठेतरी छताकडे होती. तुम्ही ते पाहिलं असणार.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी यायची तेव्हा धान लोंबीवर असायचा. पहाटे आपण नाल्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायचो, वारा तोंडावर घेऊन. रात्रभर धानात लोळलेली डुकरं उजाडताना त्याच वाटेने जंगलात परततात. तुम्ही हळू आवाजात शिकवत राहायचे. छर्रे पाखरांसाठी. डुकराच्या खांद्यावर वाळलेल्या चिखलाचं आणि कातड्याचं चिलखत असतं, छर्रे त्यातच अडकतात आणि जनावर आठ-आठ दिवस सडत मरतं. त्याला एकच जाड गोळी, पुढच्या पायाच्या मागे, खालच्या अंगाला. कान वेगळा दिसला तरच मारायचं, तेवढं जवळ येऊ द्यायचं. आडवं झाल्याशिवाय नाही. पिल्लं मागे असतील तर नाहीच. मागे शेताच्या कडेला, धुऱ्यावर माणूस असू शकतो हे आधी पाहायचं, डुक्कर नंतर. एका सकाळी तुम्ही बंदूक माझ्याकडे सरकवली. धुक्यातून एक मोठं डुक्कर धानाच्या बांधीच्या टोकाला आलं, आडवं झालं, कान दिसला. मी नेम धरला आणि मग मागून गवत हललं, लहान लहान पट्टेरी पाठी. मी चापावरून बोट काढलं. तुम्ही काही बोलला नाही. तुमच्याकडून मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी तीच असावी, पण तेव्हा मला वाटलं, चुकलं की काय. घरी येईपर्यंत मी तुमच्या पाठीकडे पाहत चालले आणि पाठीवरून काही समजलं नाही.

पुढे मी गोंदियाच्या शाळेत लागले. त्या वर्षी निवडणूक नेमकी धान कापणीच्या तोंडावर आली. तुम्ही मायच्या जुन्या लुगड्यात बंदूक गुंडाळून बसने आमगावला गेला आणि जमा करून आला. गावातल्या सगळ्या बंदुका गेल्या, आणि डुकरांना जणू तेही कळलं. लोकांनी शेताभोवती उघड्या तारा ओढून करंट सोडायला सुरुवात केली. त्यातही एक रीत होती. ज्याने तार लावली तो संध्याकाळी आजूबाजूच्या धुऱ्यांवर जाऊन सांगायचा, आज इकडून येऊ नका जी, लावला आहे. शेजारच्या बांधीचे काका रोज सगळ्यांना सांगत होते. तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही उजाडताना काठी आणि टिनाचा डबा घेऊन डुकरं हाकायला गेला.

मला शाळेत निरोप आला तेव्हा मी सातवीला अपूर्णांक शिकवत होते. घरी पोचले तर काका आपल्या ओट्याखाली मातीत बसलेले, डोकं गुडघ्यात. मी विचारलं, "सगळ्यांना सांगितलंत, मग इथेच काऊन नाही सांगितलं?" त्यांनी वर पाहिलं नाही. "मागच्या साली पानठेल्यावर चार लोकायसमोर बोलले होते मले तुमचे बाबूजी. 'तार लावणारा शिकारी नाही, चोर हाये' म्हणून. पुन्हा आयकाची हिंमत नाही झाली बाई. वाटलं, ते उठाच्या आधी काढून घेतो." माय आतून ऐकत होती. पोलीस, पंचनामा, कोर्ट, सगळं यथावकाश झालं. काका काही काळाने परत आले. दर वर्षी नव्या तांदळाची टोपली आपल्या दारात ठेवून जायचे. माय त्याचा भात करायची. मी तो पानात घेतला नाही, आणि काकांशी शेवटपर्यंत बोलले नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मला एवढंच म्हणायचं होतं की बोलणी खाण्याच्या भीतीने माणूस माणसाला मरू देतो, हे मला पटत नाही.

आता सांगते ते या आठवड्यातलं आहे. पुन्हा निवडणूक लागली आहे. तुमची एकनळी खड्डे पडलेली का असेना, जमा करावीच लागली. नवी बंदूक मी दुकानात पाहून ठेवली आहे, ती निकाल लागल्यावर घेईन. दुकानदार पाच गोळ्यांची पंप बंदूक गळ्यात मारत होता. मी त्याला म्हटलं, मला डुक्कर मारायचं आहे, लढाई करायची नाही. मी दुनळी सांगितली आहे, बदकं नसलेली. तुमचं म्हणणं मी विसरले नाही. पण जखमी जनावराच्या मागे नाल्यात उतरायचे माझे गुडघे राहिले नाहीत, तेव्हा चूक झालीच तर ती उभ्या जागी निस्तरता आली पाहिजे. तुम्ही याला काय म्हणाल ते मला माहीत आहे.

तोवर शेत उघडं आहे. आपली जमीन मी ज्याला ठेक्याने दिली आहे तो माझा जुना विद्यार्थी, आता त्याच्याही मिशीत पांढरे केस आले आहेत. परवा दुपारी मी न सांगता शेतावर गेले. झोपडीत धानाच्या तणसाखाली तारेचं भेंडोळं होतं, बांबूच्या खुंट्या, त्यांच्या टोकाला तार अडकवायला बाटल्यांचे काचेचे गळे बसवलेले. मी बाहेर येऊन विचारलं, "हे काय आहे?" तो हात मागे घेऊन उभा राहिला. सातवीत गृहपाठ नसला की असाच उभा राहायचा. "काही नाही मॅडम. जुनं सामान हाये." तिकडून त्याची बायको विळा घेऊन आली. "कायले लपवता जी? दोन दिसांपासून लावून राहिले मॅडम. मी म्हणतो सांगा, तर हे म्हणते, मॅडम फाडून खातीन."

बाबूजी, माझ्या तोंडात तुमचं वाक्य आलं होतं. अगदी शब्द न्‌ शब्द, चोर वगैरे. दोन दिवसांपासून रात्री तार लागत होती, आणि मी रोज पहाटे त्याच धुऱ्यावरून फिरायला जाते. ते दोन दिवस नुसता पाय दुखत होता म्हणून गेले नव्हते. त्याच्या बायकोलाही हे माहीत होतं, कारण ती माझ्याकडे पाहून रडायलाच लागली. मी धुऱ्यावर बसले. मग त्याला विचारलं, डुकरांनी किती खाल्लं ते दाखव. त्याने दाखवलं. नाल्याकडच्या दोन्ही बांध्या नांगरल्यासारख्या झाल्या होत्या, चिखलात लोंब्या तुडवलेल्या. मी म्हटलं, "मला विचारलं असतंस." तो म्हणाला, "तुमी नाही म्हटलं असतं." "हो, नाहीच म्हटलं असतं." "मंग?"

तो उद्धटपणे बोलला नव्हता, खरंच विचारत होता. मी म्हटलं, तार आत्ता, माझ्यासमोर पोत्यात भर. मचान बांध. कापणी होईपर्यंत पाळीपाळीने राखण करू, माझीही पाळी धर. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी? मचानावर चढान?" "तू शिडी धर." त्याची बायको डोळे पुसत हसली, "शिडीले दोन माणसं लागतीन जी." तो तार पोत्यात भरायला लागला तेव्हा मी त्याला आणखी एक सांगितलं. म्हटलं, "पुढे कधी असं काही केलंस, किंवा करावंसं वाटलं, तर मला येऊन सांगायचं. मी ओरडेन. चार लोकांसमोर ओरडेन, माझा स्वभाव तुला माहीत आहे. तरी सांगायचं." तो "हो जी" म्हणाला. सांगेल की नाही, मला खात्री नाही.

घरी येताना मी काकांच्या बांधीवरून आले. आता तिथे दुसऱ्या कुणाचा धान उभा आहे. त्यांना दोष देणं मला इतकी वर्षं सोपं गेलं, कारण मला वाटायचं, त्यांच्या जागी मी असते तर सरळ येऊन सांगितलं असतं. आता तसं म्हणवत नाही. काही माणसं आपल्यासाठी बंदुकीचा दस्ता कापून घेतात आणि तरी त्यांच्यासमोर आपलं तोंड उघडत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुमचा धाक वाटणारे गावात काका एकटेच नव्हते.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, ते टेबलाच्या खणातच राहील. पण एक कबूल करते. दस्त्याबद्दल, दुनळीबद्दल, काकांबद्दल, यातलं एक अक्षरही मी तुम्ही असताना तुम्हाला लिहिलं नसतं. मला तुमची भीती वाटायची, बाबूजी.