बस म्हणणारी पोरगी

बाई, तुम्ही सांगून गेलात म्हणून पोरीला तुमच्या मिशनच्या शाळेत घातलं, अन् आता ती शाळा तिला परदेशात, नेपाळला धाडायला निघाली. तिथं भूकंपात पडलेल्या एका डोंगरातल्या गावात जायचं, तिथल्या लेकरांना शिकवायचं, त्यांच्यासंगं राहायचं म्हणे. प्रार्थनेला बसणारी, न बसणारी, सगळीच पोरं जाणार. खर्च शाळेचा. म्हणजे मला न्हाई म्हणायला तेवढंही निमित्त ठेवलं न्हाई. अख्खं लातूर सुट्टीत पोरांना क्लासला कोंडतंय. माझ्या खानावळीत जेवणारी पोरं एका हातानं भाकर मोडून दुसऱ्या हातानं पुस्तक उलटून राहिली, अन् माझी डोंगर चढणार. शेजारीण म्हणली, "डॉक्टर करायची का किरिस्ताव करायची गं तिला?" मी म्हणलं, "आधी स्वतःचं ताट धुवायला शिकू दे." ती गप झाली. मला कोण गप करणार? तिचा बाप गेल्यापासून माझं म्हणावं असं एवढंच माणूस हाय, अन् तुमची शाळा त्याला भूकंपाच्याच गावाला नेऊन राहिली.

आमचं गाव भूकंपात पडल्यावर मी, शाळकरी पोर, पत्र्याच्या शेडात आत्याजवळ होते. आई, बाप, भाऊ, सगळे दगडाखाली गेलेले. येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "तुझे किती गेले गं?" कुणी चादर देताना, कुणी फोटो काढताना. मग तुम्ही आलात. पांढरी साडी, पायात गड्याच्या चपला, अन् मागं परदेशातल्या कुठल्या तरी ख्रिस्ती शाळेची गोरी पोरं, त्यांच्या शाळेनंच मदतीला धाडलेली. त्यातली एक पोरगी वाढायला उभी राहिली. लेकरांना रांगेत बसवायला तुम्ही तिला एकच शब्द शिकवलेला, "बस". ती म्हाताऱ्यांनाही तेच म्हणून राहिली. आमच्या गल्लीतले आजोबा ताट पुढं करून उभे, तर त्यांनाही, "बस."

आजोबा ताटात बघून म्हणले, "बस काय बस? अजून वाढलं कुठं हाय?"

ती गोड हसून, "बस, बस."

"घ्या. भूकंपातून वाचलो, आता ही बया उपाशी मारती."

मी फिसकन हसले. गाव पडल्यापासून पहिल्यांदा. आत्यानं पाठीत धपाटा घातला, "आईबाप मातीत गेले अन् दात काढतीस?" मी शेडामागं पळाले. ती पोरगी माझं ताट घेऊन मागोमाग आली. दुसरा शब्द येत नव्हता तिला. "बस" म्हणली, अन् स्वतःच मातीत बसली. किती गेले, विचारलं न्हाई. मी रडत राहिले, ती बसून राहिली, वरण गार झालं. तुम्ही शोधत आलात. वाटलं, आता मला झापणार. पण तुम्ही तिलाच इंग्रजीत झापलंत, वाढायचं सोडून आली म्हणून, अन् मग तुम्हीही खाली बसलात. तुमचे गुडघे कटकन वाजले. तो आवाज मला अजून ऐकू येतो, बाई. त्यानंतर तुमच्याच शाळेत दोन-तीन वर्षं गिरवलं, आत्यानं लग्न लावलं, पाढे गेले. तो आवाज गेला न्हाई.

काल मी कणीक मळत होते. पोरगी म्हणली, "आई, मला त्यांची भाषा येत न्हाई. तिथं जाऊन करू काय?"

"कुणाचे किती गेले ते विचारू नको."

"मग?"

"बस."

"बस? एवढंच?"

म्हणजे तिनंही आजोबांसारखंच ऐकलं. मी पिठाचे हात तसेच ठेवून तिच्यासमोर फरशीवर बसून दाखवलं. आता माझेही गुडघे वाजतात. ती बघत राहिली, मग तीही बसली.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या कबरीला काही टपालाची पेटी न्हाई. पिठाच्या डब्याखाली राहील. अन् खरं सांगते, तिला जा म्हणून कालच सांगून झालं. धाडू का नको, त्याचं उत्तर मला नको. शनिवारी ती निघती. ती गेल्यावर माझ्याजवळ कोण बसणार, तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा.