खाऊ नसलेलं घर

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पोचलो एकदाच्या! ऑर्डवे नकाशात शोधायला भिंग लागतं म्हणून बहिणीने मला चिडवून चिडवून नको केलं होतं, पण गाव मला पाहताक्षणीच आवडलं. मक्याची कापणी आटपलीय, शेतं मोकळी झालीत, मेपलच्या पानांनी रस्ते भरलेत आणि एकही व्हरांडा भोपळ्यावाचून नाही. घर भाड्याचं आहे, पण पांढरंशुभ्र, दोन मजली. टिलीने आल्या आल्या वरची खोली पटकावली. तिच्या खिडकीतून सरळ व्हरांड्याच्या छपरावर उतरता येतं, हे तिला माझ्याआधी कळलं. उतरायचं नाही, हे मी तीनदा बजावलं. सात वर्षांच्या मुलीला तीनदा सांगितलं की एकदा ऐकू जातं.

सोमवारपासून डॉक्टर हॅस्केलच्या दातांच्या दवाखान्यात बसायचं. शहरातल्यापेक्षा पगार कमी, पण दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि टिलीची शाळा त्याच्याच पलीकडे. मला दुसरं काही नको. गेल्या वर्षी वाढदिवसाच्या पार्टीत कोणीतरी तिला बिस्किट दिलं आणि त्यात शेंगदाण्याचा कूट होता. आधी कोरडा खोकला, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा. मग श्वासाला शिट्टी. इंजेक्शन पर्समध्ये होतं म्हणून माझी पोरगी आज आहे. तेव्हापासून आमच्या घरी एकच कायदा: ममाच्या हातचं असेल तरच खायचं. टिली तो माझ्यापेक्षा कडक पाळते. आजीने दिलेलं सफरचंदही आधी माझ्या हातात आणून ठेवते, मग माझ्याकडून घेऊन खाते.

सोमवार, २१ ऑक्टोबर

डॉक्टर हॅस्केल भला माणूस आहे, पण कंजूष आणि विनोदी यांच्या मधला कुठलातरी. हॅलोविनला पोरांना वाटायला त्याने मला टूथब्रशचं खोकं दिलं. गावातली पोरं त्याच्या घरावर अंडी का फेकतात ते आता कळलं.

मी टूथब्रश वाटणार नाही. पण गोळ्या-चॉकलेटंही नाहीत. माझ्या दारात येणाऱ्या एखाद्या टिलीला तरी हात मागे घ्यावा लागू नये. म्हणून आज भोपळा मोरपंखी रंगात रंगवला आणि पायरीवर मांडला. शहरात ही खूण सगळ्यांना कळते: या घरी खायचं काही मिळणार नाही, खेळायचं मिळेल. परडी भरून वस्तू आणल्या आहेत. अंधारात चमकणाऱ्या बांगड्या, साबणाचे फुगे, उसळते चेंडू, शिट्ट्या, खोट्या मिशा. मिशा मीच जास्त लावून पाहिल्या.

शेजारच्या वर्लाबाई भोपळा पाहून फाटकाशीच थबकल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, काठी टेकत चालतात, पण जीभ तरुण आहे. भोपळ्याला काविळीऐवजी निळीळ झाली का, असं त्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, या गावात मागत्याला खाऊच देतात, वस्तू देत नाहीत. पोटात गेलं की फिटलं, हातात राहिलं की मागणं राहतं. दर वर्षी त्या स्वतः शेंगदाण्याची चिक्की करून वाटतात. मी गोड बोलून सांगितलं की ती चिक्की कृपा करून माझ्या कुंपणाच्या पलीकडेच राहू दे. बाईंना राग आला असावा.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आज आमच्याकडे पहिलं गिऱ्हाईक आलं, तेही आठवडाभर आधी!

इकडची रीत वेगळी आहे. पोरं हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी, तीस तारखेला निघतात. तिला मागत्यांची रात्र म्हणतात. नुसतं 'खाऊ की खोडी' म्हणून चालत नाही, दारात विनोद किंवा कोडं सांगावं लागतं, तेव्हा मिळतं. मला हे फार आवडलं. फुकट कशाला द्यायचं?

दिवेलागणीला मी भांडी घासत होते. दार वाजलं. पायरीवर टिलीच्याच उंचीची मुलगी, डोक्यावरून जुनी चादर ओढलेली, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. हल्ली असा साधा पोशाख कोण करतं? मला कौतुक वाटलं. म्हटलं, लवकर आलीस की गं. तिने भोपळ्याकडे पाहिलं आणि फार आदबीने विचारलं, "इथे खाऊ नाही ना?"

नाही म्हटलं, खेळणी आहेत, पण आधी कोडं.

"गोड आहे, पण खायचं नाही. या घरात आहे, पण डब्यात नाही. सांगा काय?"

टिली जिन्यावर बसून ऐकत होती. मी तिच्याकडे बघून डोळा मारला आणि म्हटलं, "सोपं आहे. माझी टिली."

चादर जराशी हलली. "मग द्याल?"

मला हसू फुटलं. "मागत्यांच्या रात्री ये, बघू." तिच्यासमोर परडी धरली. तिने चेंडू उचलला नाही, मिशी उचलली नाही. वळली आणि गेली. कोणाची आहे विचारायचं राहिलंच.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

दवाखान्यात, शाळेच्या दारात, किराणावाल्याकडे चौकशी केली. चादरीचा पोशाख केलेली मुलगी कोणालाच ठाऊक नाही. किराणावाला बटाटे मोजायला लागला, मी बटाटे घेतले नसतानाही.

टिलीला मधमाशीचा पोशाख शिवून दिलाय. पिवळे-काळे पट्टे, पाठीवर तारेचे पंख, तोंडावरून काळी जाळी. शाळेतून आल्यापासून घरभर भुणभुण चाललीय. तिला एकच दार हवंय. एकाच दाराशी जाऊन 'खाऊ की खोडी' म्हणायचंय. गावातल्या कुठल्या घरात काय शिजतं मला माहीत नाही. पुढच्या वर्षी, म्हटलं. तिचा चेहरा एवढासा झाला. मलाही वाईट वाटलं, पण वाईट वाटून घेणं परवडतं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

ती पुन्हा आली. त्याच वेळी.

मी परडी पुढे केली. बांगडी देऊ? फुगे? ती परडीकडे बघतच नव्हती. माझ्या बाजूने आत, जिन्याकडे बघत होती. म्हणाली, "हे नाही. तुम्ही सांगितलंत ते."

मी रागावले. आईचं नाव काय, राहतेस कुठे, असं विचारलं. चादरीखाली पाय दिसतील म्हणून खाली पाहिलं. चादर पायरीला टेकलेली होती. चादरीवर चिखल होता, आणि आम्ही आल्यापासून गावात पाऊस नाही.

मी दार लावून घेतलं. वर टिली खिडकीशी उभी राहून हात हलवत होती. तिची मैत्रीण झालीय म्हणे. रोज छपरावर येऊन बसते. मी हातोडी शोधून काढली. खिडकीला खिळे ठोकले. टिली रडली. तिच्या मैत्रिणीला म्हणे मधमाशीचा पोशाख एकदाच घालून बघायचाय. अजिबात नाही, म्हटलं.

रविवार, २७ ऑक्टोबर

वर्लाबाईंकडे गेले. मान खाली घालून गेले, खोटं कशाला बोलू.

मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की कोड्याचं उत्तर मी दिलं की तिने. मी दिलं, म्हटलं. त्या काठी बाजूला ठेवून खुर्चीत बसल्या. या गावात कोड्याचं उत्तर मोठी माणसं देत नाहीत. येत असलं तरी नाही. 'हरले बाई, तूच सांग' म्हणायचं असतं, इथल्या लेकरालाही हे माहीत आहे. दारात उभं राहून जे नाव घेशील ते तू देऊ केलंस असा अर्थ होतो. आणि मी वर तारीखही दिली.

ती मुलगी कोण, विचारलं. त्यांना ठाऊक नाही. म्हणाल्या, "मी सहा वर्षांची होते तेव्हाही ती एवढीच होती."

मी म्हटलं, आजच बहिणीकडे निघते. त्यांनी मान हलवली. नाव घेतलंय, ती त्या दाराशीही येईल. "तिथे तुला सांगायला कोण आहे, पोरी? इथे निदान मी आहे."

उपाय एकच. मागत्यांच्या रात्री ती येईल तेव्हा तिला बोलू द्यायचं नाही. तोंडाकडे बघायचं नाही. आपल्या हाताने तिच्या हातात खाऊ द्यायचा आणि ती खाईपर्यंत हलायचं नाही. विकतचं ती घेत नाही. वर्लाबाईंनी कागदात बांधून चिक्की दिली. मी ती हातात घेतली. माझ्या घरात, माझ्या हातात, शेंगदाणे.

सोमवार, २८ ऑक्टोबर

चिक्की गाडीच्या डिकीत कुलुपात ठेवलीय. हात तीनदा धुतले.

भोपळा फोडून कचऱ्यात टाकला. संध्याकाळी पायरीवर होता. अख्खा. रंग ओला.

टिली शांत आहे. फार शांत. विचारलं की नुसती हसते. भूक नाही म्हणते. माझ्या हातून दोन घास खाल्ले, तेही मी भरवले म्हणून.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

आज कामावर गेले नाही. टिलीलाही शाळेत पाठवलं नाही.

दुपारी तिच्या खोलीतून दोन आवाज आले. एक तिचा. मी धावत गेले — ती एकटीच, पलंगावर, पोशाख मांडीवर घेऊन. खिडकीचे खिळे खाली एका ओळीत मांडलेले. कोणी काढले विचारलं तर म्हणते, आम्ही खेळत होतो. मी पुन्हा ठोकले. अंगठ्यावर हातोडी बसली.

मला भीती वाटते. इथे लिहिते, दुसरं कोणाला सांगू? माझ्या तोंडाने मी माझी मुलगी —

नाही. उद्या संपेल.

बुधवार, ३० ऑक्टोबर. दुपार

टिलीला वर ठेवलंय. बाहेरून कडी. ती म्हणाली, निदान पोशाख तरी घालू दे. घालू दिला. जाळी लावल्यावर खूश झाली. इंजेक्शन तिच्या उशाशी ठेवलंय, घरात चिक्की येणार म्हणून.

व्हरांड्याचा दिवा बंद. दिवा नाही त्या दाराशी पोरं येत नाहीत. ती येईल.

संध्याकाळ

रस्त्यावर पोरांचा गलका. वर मधमाशीची भुणभुण. बरं वाटतं ऐकून.

मघाशी वर काहीतरी सरकल्यासारखं — मग पुन्हा भुणभुण. ठीक आहे.

दार वाजलं

झालं. झालं. देवा, झालं.

चादर. तीच. काहीतरी म्हणायला लागली, मी बोलू दिलं नाही. तोंडाकडे पाहिलं नाही, भिंतीकडे बघत चिक्कीचा हात पुढे केला. खा, म्हटलं. ती थांबली. माझ्या हाताकडे बघत राहिली असावी. मी पुन्हा म्हटलं, मी देतेय ना, खा. मग तिने घेतलं. बोटं लागली. उबदार होती. मला वाटलं होतं गार असतील. कडकड चावल्याचा आवाज आला. सगळं खाल्लं. मी दार लावलं, कडी घातली आणि तिथेच जमिनीवर बसले. आता टेबलाशी बसून लिहितेय, अक्षर बघा कसं येतंय. हसू येतंय मला.

ती अजून गेली नाही. पायरीवर बसून खोकतेय. वर्लाबाई याबद्दल काही बोलल्या नव्हत्या. खोकू दे.

जिन्यावर पावलं. मधमाशी खाली आली. कडी मी उघडली नव्हती — सैल असेल. म्हटलं, ये राणी, संपलं सगळं. माझ्या मागे येऊन उभी राहिली. मानेवर हात ठेवला. किती गार हात. खिडकी उघडी असेल वरची.

बाहेर दार वाजवतायत. हळू. खालच्या बाजूला.

ती म्हणाली, "खाऊ दिलात ना तुम्ही? मग फिटलं."

तुम्ही? टिली मला कधीच तुम्ही —

तो खोकला. कोरडा. आता शिट्टी. हा आवाज मी — ममाच्या हातचं असेल तरच — मीच म्हटलं खा, मीच

इंजेक्शन वर उशा